विणकाम शिकायला सुरुवात करतेय, नागपुरात राहते. आईच्या जुन्या सुया वापरू की दीड हजारांचा नवीन संच मागवू? लोकर कोणती घेऊ?

ताई, संच मागवू नका. तुम्ही लिहिलंय तो दीड हजारांचा संच मी पाहिलाय. त्यात पंधरा-वीस जाडीच्या सुया असतात आणि पहिल्या वर्षी त्यातल्या दोन जोड्यांच्या पुढे तुमचा हात जाणार नाही. ते पैसे चांगल्या लोकरीला लावा. मी नागपुरातच महाल भागात राहते, दिवाळी झाली की दरवर्षी चार-पाच जणींना शिकवते, आणि सामानापायी विणकाम सोडून दिलेल्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आईची पेटी उघडा. सुईच्या डोक्यावर आकडा असतो. आपल्याकडच्या जुन्या सुया इंग्रजी मापाच्या असतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर, 8 नंबर म्हणजे 4 आणि 6 नंबर म्हणजे 5. अमेरिकेत नेमकं उलट. त्यांची 8 नंबर 5 मिलिमीटरची, म्हणजे आपली 6. यूट्यूबवर बाई "साइझ 8" म्हणते, आपण बर्डीच्या बाजारात जाऊन 8 नंबर मागतो आणि तिच्याइतके टाके घालूनही टोपी पोराच्या डोक्यावर चढत नाही. माझ्याकडे आलेल्या एकीचं अगदी हेच झालं होतं. हात घट्ट आहे म्हणून ती स्वतःला दोष देत बसली होती. तेव्हा नंबर विसरा, मिलिमीटरमध्येच बोला.

जुनी सुई वापरण्याजोगी आहे का ते बघायला तिचं टोक जुन्या रेशमी ओढणीवरून हलकेच ओढा. अडकलं तर ती सुई लोकरीचे धागे काढेल. वाकलेली जोडीही बाजूला ठेवा.

नवीन घ्यायचीच तर एकच जोडी घ्या: 4 मिलिमीटर, साधारण 25 सेंटिमीटर लांब, आणि मिळाली तर बांबूची. अॅल्युमिनियमच्या सुया टिकाऊ असतात, माझा हात त्यांच्यावरच चालतो, पण नवख्या हातात त्यांच्यावरून टाके घसरतात. एक टाका सुटला की तो खालच्या ओळीत, मग त्याच्या खालच्या ओळीत उतरत जातो, शिडीसारखा. घाबरून काम ओढलं की शेजारचे दोन आणखी सुटतात. बांबूवर टाका थांबतो, त्याला उचलायला तुम्हाला वेळ मिळतो.

आता लोकर. गुळगुळीत, एका रंगाची, फिकी. मोतिया, आकाशी, पिस्ता, काहीही चालेल. काळी आणि गडद निळी नको. सुलट टाक्यांचा उभा पट्टा गव्हाच्या ओंबीसारखा दिसतो आणि उलट टाका आडव्या मण्यासारखा. हे डोळ्याला ओळखू आलं की तुम्ही निम्मं शिकलात, आणि काळ्या लोकरीत ते भरदुपारीही दिसत नाही. फरची लोकर दुकानात फार गोड दिसते, पण तिचे केस एकमेकांत गुंततात आणि विणलेलं उसवता येत नाही. सुरुवातीला उसवणंच जास्त असतं.

जाडी डबल निटिंग घ्या, म्हणजे मध्यम जाडीची लोकर. नुसतं "4 प्लाय" ऐकून घेऊ नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत तो आकडा, पदर जाड की बारीक हे त्यातून कळत नाही. लेबलवर सुईचं चित्र असतं, त्यापाशी 4 मिलिमीटर लिहिलेलं असलं की झालं.

नागपुरात लोकर कशाला, असं तुम्हाला कोणी ना कोणी म्हणेलच. 2018 च्या डिसेंबरअखेर इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हे त्यांना सांगा. शिकायला अॅक्रिलिक चांगली: स्वस्त, घरी धुता येते. फक्त तिच्यावर गरम इस्त्री फिरवू नका, विणलेलं कायमचं लुळं पडतं. खरी लोकर गरम पाण्यात आटते. सुती दोरा लोकरीसारखा ताणला जात नाही, बोटं दुखून येतात. तो पुढच्या उन्हाळ्यात घ्या.

लागेल तेवढी लोकर एकदमच आणा, आणि प्रत्येक लेबलवरचा लॉट नंबर जुळवून. मी पुतण्याचा स्वेटर विणताना एक लच्छी कमी पडली. आठ दिवसांनी दुकानदाराने "हाच रंग" म्हणून दिली, दुकानातल्या दिव्यात मलाही तोच वाटला. पूर्ण झालेला स्वेटर गच्चीवर उन्हात टाकला तेव्हा उजवी बाही वेगळी दिसली. रंगवण्याच्या प्रत्येक खेपेत छटा थोडी बदलते. पूर्ण बाही उसवली मी. मफलरला 200 ग्रॅम पुरे होईल. न उघडलेली लच्छी परत घेणार का, हे घेतानाच विचारा.

लच्छीची गुंडी करताना धागा दोन बोटांवरून सैल गुंडाळा. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात आखडते.

बाकी फारसं काही नाही. शिंप्याची टेप, छोटी कात्री, मोठ्या नाकाची बोथट सुई. खुणेला रंगीत दोऱ्याची गाठ चालते, ओळी मोजायला पेन्सिल.

20 टाके घालून चार बोटं उंचीचा तुकडा विणा, सगळा सुलट. मग 40 टाक्यांवर मफलर सुरू करा. पेटीत 10 नंबरची जोडी असेल तर जपून ठेवा. पुढे स्वेटर घ्याल तेव्हा बॉर्डर 10 वर आणि अंग 8 वर विणायचं असतं. तुमचे लहानपणचे स्वेटर आईने बहुतेक याच दोन जोड्यांवर विणले असतील. एखादा घरात असेल तर टेप घेऊन त्याचे टाके मोजून बघा.