खेळाडूंचा पगार : जास्त की कमी?

प्रश्न : शिक्षिका किंवा परिचारिकेच्या शेकडो पट पैसे एका बास्केटबॉलपटूला मिळतात. हा अतिरेक नाही का?

उत्तर : पगार कामाच्या मोलावर ठरत असता, तर तुमचा आक्षेप बिनतोड होता. शिक्षिकेसमोर एका वेळी चाळीस मुलं बसतात; सामना मात्र दोन हजारांनी पाहिला काय किंवा दोन कोटींनी, खेळाडूची मेहनत तेवढीच. प्रक्षेपणामुळे गल्ला प्रचंड वाढतो आणि प्रेक्षकांना सर्वोत्तमच हवा असल्याने थोड्याशा सरस खेळाडूलाही कितीतरी जास्त मिळतात. शेर्विन रोझेन या अर्थतज्ज्ञाने १९८१मध्येच हे मांडलं होतं.

खरा वाद त्या गल्ल्याच्या वाटणीचा आहे. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाशी निगडित उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा. त्यासाठी पगारातून १० टक्के रक्कम बाजूला ठेवतात. हंगामाअखेर हिशेबात खेळाडूंचा वाटा ठरल्यापेक्षा जास्त भरला, तर जादा रक्कम त्यातून संघमालकांकडे जाते. याउलट यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीत, तिच्यावरच्या खटल्यात उघड झालेल्या आकड्यांनुसार, लढवय्यांना उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी मिळत होतं. ते स्वतंत्र कंत्राटदार, त्यांच्या वतीने सामूहिक करार करणारी संघटना नाही. फरक तिथे पडतो.

पगारावर मर्यादा घातली म्हणून उरलेला पैसा शाळेकडे वळत नाही, हेही ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत फुटबॉलपटूला आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंड देता येत. ती मर्यादा उठताच फुलहॅमने जॉनी हेन्सला १०० पौंड दिले. म्हणजे एवढं देण्याची ऐपत क्लबकडे होतीच.

प्रश्न : तिकिटं महाग होतात ती या पगारांमुळेच ना?

उत्तर : नाही. लोक जेवढे मोजायला तयार असतात, तेवढा दर लागतो. एनबीएमध्ये संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादासुद्धा आधी उत्पन्नाचा अंदाज बांधून मग ठरते.

प्रश्न : ‘पाच वर्षांसाठी दहा कोटी डॉलर’ अशी बातमी येते. यातले हाती किती पडतात?

उत्तर : बातमीत आधी ‘हमीची रक्कम’ शोधा. अमेरिकन फुटबॉलमध्ये बहुतेक करारांच्या शेवटच्या वर्षांना हमी नसते. दुखापत झाली किंवा खेळ घसरला की संघ मोकळा करतो आणि बातमीतला आकडा कागदावरच राहतो. मग एजंटचं कमिशन (तिथे कमाल ३ टक्के) आणि कर. कर अनेकदा जिथे सामना झाला त्या राज्यालाही भरावा लागतो. ‘कामगिरीनुसार’ असं लिहिलेली रक्कम तर हिशेबात धरूच नका.

प्रश्न : मुलगा टेनिसमध्ये व्यावसायिक व्हायचं म्हणतो. पैसे मिळतील?

उत्तर : पगार कमी आहे अशी तक्रार शोभावी, ती इथे. पुरुषांच्या सर्वांत खालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकूण बक्षीस १५,००० डॉलर. एकेरीत पाच सामने जिंकून विजेता झालात तर २,१६०, पहिल्याच फेरीत हरलात तर १५६ डॉलर. विमानभाडं, मुक्काम, रॅकेटच्या तारा, प्रशिक्षक, सगळं स्वखर्चाने. शिवाय परदेशात बक्षिसातूनच कर कापला जाऊ शकतो. याउलट २०२४च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ६०,००० पौंड मिळाले. पण तिथल्या १२८ जागांपैकी क्रमवारीवर थेट प्रवेश १०४ जणांनाच. खर्च भागतो की नाही, हे पहिल्या शंभरात असण्यावर फिरतं, ते यामुळेच.

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना एटीपीने २०२४पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली. त्या वर्षीचे आकडे : पहिल्या शंभरांना ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख, १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार. पात्रतेसाठी ठरावीक स्पर्धा खेळाव्या लागतात. २५१व्या क्रमांकापासून पुढे काही नाही. मुलाचं अंदाजपत्रक बनवताना पहिली काही वर्षं बक्षिसाचा रकाना शून्य धरा आणि वर्षभराचा प्रवासखर्च कोण उचलणार, हे आधी लिहून काढा.