टेलर वाचण्याआधी शॉपमध्ये उभा राहा

अरे, एमबीएच्या पहिल्याच सेमिस्टरला टेलर-फेयॉल, म्हणजे व्यवस्थापनशास्त्राचे सुरुवातीचे दोन विचारवंत, पाठ करत बसू नकोस. आधी भोसरीतल्या एखाद्या मशिन शॉपमध्ये दिवसभर उभा राहा, मशिनवरचा ऑपरेटर जॉब (मशिनवर घडवायचा भाग) उचलायला किती वेळा वाकतो ते बघ. टेलरने बेथलेहेम स्टील या अमेरिकेतल्या पोलाद कंपनीत हेच केलं. फावड्याच्या एका खेपेला साधारण २१ पौंड माल असला तर दिवसभराचं काम सर्वांत जास्त होतं, असं त्याने काढलं. म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं, जड मालाला लहान. एवढं कळलं की त्याचं १९११चं पुस्तक सोपं जातं. फेयॉल खाणकंपनी चालवणारा, त्याची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं १९१६ची, नजर वरून, म्हणजे व्यवस्थापकाच्या खुर्चीतून. टेलर माणसाच्या मनाकडे कमी बघतो, हे मला खटकतं. त्यासाठी १९२४पासूनचे हॉथॉर्न कारखान्यातले, कामगारांचं मन आणि काम यांचा संबंध दाखवणारे प्रयोग वाच. आणि कामाचा वेळ मोजायला स्टॉपवॉच लावण्याआधी ऑपरेटरदादांना विचार.