सिंगल-स्पीड सायकलसाठी कडक क्विल स्टेम कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: जुन्या धाटणीची स्टीलची फ्रेम, एक इंची आट्यांचा फोर्क, ड्रॉप हँडल, गिअर एकच असल्यामुळे चढावर उभं राहून हँडल ओढावं लागतं, आणि तेव्हा पुढचा भाग पिळवटतो. तर सगळ्यात कडक क्विल स्टेम कोणता? (स्टेम म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा; क्विल म्हणजे त्याचा फोर्कच्या नळीत उतरणारा उभा भाग.)

खरेदीआधी दोन गोष्टी तपासा, कारण स्टेमच्या माथी मारलेला दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हेडसेटपाशी (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगपाशी) टक टक लागलं तर तो हेडसेटचा ढिलेपणा आहे. मग पुढचं चाक गुडघ्यांत पकडून हँडल पिळून पाहा. चाक जागेवर राहून हँडल वळलं तर आतली वेज (क्विलला नळीत घट्ट धरणारी पाचर) सैल आहे. हँडल क्लॅम्पमध्ये, म्हणजे स्टेमच्या पुढच्या पकडीत, कुरकुरत असेल तर व्यास जुळत नसण्याची शक्यता जास्त.

एवढं करूनही पीळ जाणवत असेल, तर तो कुठून येतो ते पाहू. एका हाताने ओढता आणि दुसऱ्याने दाबता तेव्हा स्टेमचा आडवा भाग पिळला जातो आणि उभी क्विल बाजूला वाकते. हा पीळ लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो: 120 ऐवजी 90 मिमी स्टेम घेतला तर आडव्या भागातला पीळ पाव हिश्शाने कमी होतो. दोन्ही हातांनी एकदम खाली दाब दिला तर मात्र हिशेब लांबीच्या घनाचा, म्हणजे 90 च्या तुलनेत 120 चा स्टेम जवळपास 2.4 पट झुकतो. आडवा भाग जाड करून कारखानदार बरंच काही साधू शकतो. क्विलचं तसं नाही. एक इंची स्टीअररमध्ये (फोर्कच्या वर जाणाऱ्या नळीत) ती बसायची म्हणजे बाहेरचा व्यास 22.2 मिमीच, आणि कडकपणा तर व्यासावरच सगळ्यात जास्त अवलंबून. म्हणजे क्विलच्या बाबतीत आपल्या हातात उरतं काय? धातू, आणि हेडसेटच्या वर ती किती उघडी राहते.

म्हणून मी पहिला नियम हा धरेन: क्विल शक्य तितकी आत. लॉकनटच्या (हेडसेटवरच्या सगळ्यात वरच्या नटाच्या) वर 20 मिमी आणि 80 मिमी उघडी, यातला फरक ब्रँड बदलून मिळणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. हँडल उंच हवं म्हणून लांब मानेचा स्टेम घ्यायचा आणि वर तो कडकही हवा, हे जमत नाही.

दुसरा नियम धातूचा. स्टील ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. आकार सारखाच नसल्यामुळे प्रत्यक्षात फरक तिप्पट पडत नाही, पण क्विलचा व्यास बांधलेला असल्याने तो तिथे कळतो. ताठपणाच हवा असेल तर क्रोमोली स्टीलचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलचा) ट्रॅक स्टेम, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलींचा स्टेम, घ्या. जपानच्या केइरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींसाठी बनणारा निट्टोचा जॅग्वार याच जातीचा. वजन वाढेल, ते सोसा. चांगला घडीव ॲल्युमिनियम स्टेम, उदाहरणार्थ निट्टो पर्ल, 80 ते 100 मिमी लांबीत बहुतेकांना पुरतो. क्विलच्या जागी ॲडॉप्टर लावून वर आधुनिक चार बोल्टांचा स्टेम बसवणं हाही एक मार्ग आहे. हँडल काढणं-घालणं सोपं होतं, 31.8 मिमीचं जाड हँडलही बसतं. पण खालचा तुकडा 22.2 चाच राहतो, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको. क्लासिक सायकलवर ते दिसतंही ओबडधोबड, असं माझं मत.

आता मापं. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून व्हर्नियर कॅलिपर हातात घ्याच. क्विल बहुधा 22.2 असते, पण जुन्या फ्रेंच सायकलींत 22.0 आणि काही जुन्या अमेरिकन सायकलींत 21.1 सापडते. 22.0 च्या नळीत 22.2 ठोकून बसवू नका, ती तिथेच अडकते. हँडलच्या क्लॅम्पची मापं आणखी गोंधळाची: 25.4 (जपानी ट्रॅक हँडल बहुतेक याच मापाची), 26.0 (रोड), जुन्या चिनेल्लीची 26.4, फ्रेंच 25.0. 26.0 च्या क्लॅम्पमध्ये 25.4 चं हँडल 0.3 मिमी जाडीची पट्टी गुंडाळून चालतं. उलट करू नका; फाकवलेला क्लॅम्प पुढे तडकतो. ड्रॉप हँडल एका बोल्टच्या क्लॅम्पमधून वळणासकट सरकवावं लागतं. अडलं तर बोल्ट उलट्या बाजूने आट्यांत घाला, फटीत नाणं ठेवा आणि हलकेच आवळा. क्लॅम्प किंचित उघडतो, ओरखडे टळतात.

कोनाचं थोडक्यात: हेड ट्यूब (फ्रेमची पुढची, फोर्क धरणारी नळी) 73 अंशांची असेल तर उणे 17 अंशांचा स्टेम जमिनीला समांतर दिसतो. याहून खाली झुकलेले ट्रॅक स्टेम रस्त्यावर पाठीला जड जातात.

तिरक्या कापाची वेज असलेला स्टेम निवडा. फटी पाडलेली क्विल आणि शंकूच्या आकाराचा एक्सपांडर ही जुनी रचना जास्त आवळली तर स्टीअररला फुगवटा आणते, आणि क्विल फटीच्या टोकापासून चिरते.

बसवताना क्विल, वेज, बोल्टचे आटे आणि बोल्टच्या डोक्याखाली ग्रीस लावा. कोरडं ॲल्युमिनियम स्टीलमध्ये गंजून असं जाम होतं की शेवटी करवत घ्यावी लागते. किमान खोलीची खूण पूर्ण आत गेली पाहिजे. शिवाय वेज स्टीअररच्या आटे असलेल्या भागात दाबली जाऊ नये, कारण तिथे नळीची भिंत पातळ असते आणि तडा तिथूनच जातो. फार खोलही नको. काही स्टीअरर खाली आतून जाड होतात आणि क्विल तिथे रुतते. वेजचा बोल्ट साधारण 20 न्यूटन-मीटर. काढताना तो चार-पाच फेरे सैल करून डोक्यावर लाकडी हातोड्याने टोला द्या, वेज खाली पडते. वर्षातून एकदा उपसून पुन्हा ग्रीस लावा.

वापरलेला ॲल्युमिनियम स्टेम घेत असाल तर क्लॅम्पची खालची बाजू आणि क्विल व आडव्या भागाचा सांधा पुसून, भिंगाखाली पाहा. केसाएवढी रेघ दिसली तरी तो सायकलवर चढवू नका.