मिरचीवर मावा आलाय, लेडीबर्ड किडे विकत आणून सोडू का?

तुम्ही लिहिलंय की मिरचीच्या तीन कुंड्या आहेत, शेंडे माव्याने (रस शोषणाऱ्या बारीक किड्यांनी) भरून गेलेत, औषध मारायचं नाहीये, आणि लेडीबर्ड किडे ऑनलाइन मिळतात ते आणून सोडले तर चालतील का. माझं म्हणाल तर आत्ताच आणू नका. आधी पानं उलटी करून नीट बघा, कारण बऱ्याचदा मित्रकीटक, म्हणजे कीड मारणारे किडे, आधीच आलेले असतात, आपल्याला ते ओळखू येत नाहीत.

माझ्या जास्वंदीवर मावा आला तेव्हा शेंड्यांवर काळे लांबट किडे फिरताना दिसले, पाठीवर नारिंगी ठिपके, अंगावर काटे, छोट्या मगरीसारखे. मला वाटलं ही आणखी एक कीड आली, म्हणून एकेक चिमट्याने उचलून पंधरा-वीस तरी साबणाच्या पाण्यात टाकले. ती लेडीबर्डची पिल्लं होती हे नंतर कळलं. लाल गोल किडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची अळी तशी अजिबात दिसत नाही आणि मावा खाण्यात ती मोठ्या किड्यापेक्षा कमी नसते. मला त्याचं अजून वाईट वाटतं, म्हणून जो विचारेल त्याला आधी हेच सांगतो.

तर शोधायचं काय? माव्याजवळ पानामागे पिवळ्या लांबट अंड्यांचा उभा पुंजका असेल तर ती बहुतेक लेडीबर्डची अंडी. केसासारख्या बारीक देठावर टाचणीच्या डोक्यासारखं एकेक अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, हा जाळीदार पंखांचा हिरवट मित्रकीटक. आणि माव्याच्या गर्दीतच हिरवट, बिनपायाची, बारीक जळूसारखी अळी दिसली तर ती सिरफिड माशीची. ही नक्की बघा, भिंग असेल तर भिंगातून. तिला डोळे नसतात, ती पुढचा भाग डावीकडे-उजवीकडे फिरवत चाचपडत राहते आणि मावा तोंडाला लागला की त्याला उचलून हवेत धरते, तो पाय झाडत राहतो आणि ही त्याला आतून शोषून घेते, शेवटी रिकामी सालटी टाकते आणि पुन्हा चाचपडायला लागते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास तिथून हललो नव्हतो.

अजून एक खूण म्हणजे फुगलेला, तपकिरी, कागदी दिसणारा मावा. त्याच्या आत बारीक गांधीलमाशीची अळी वाढत असते, आणि त्याला गोल भोक असेल तर ती बाहेर पडून गेली. असे मावे काढून टाकू नका.

आता मुंग्या बघा. माव्याच्या अंगातून गोड चिकटा येतो, तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि लेडीबर्डच्या अळ्यांना हुसकावतात. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर कितीही मित्रकीटक सोडा, उपयोग कमीच. कुंडी पायाच्या स्टँडवर ठेवून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवा, आणि फांदी भिंतीला टेकत नाही ना ते बघा, नाहीतर त्या तिकडून येतात.

मग वाट बघायची, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माव्याच्या मादीला नर लागत नाही, ती थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडाभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. मित्रकीटक मागून येतात, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस चित्र वाईटच दिसतं. तोवर जोरात पाणी मारून मावा कमी करा पण थोडा राहू द्या, सगळाच गेला तर खायला काही नाही म्हणून हेही निघून जातात. साबणाचं पाणी किंवा नीम तेल सरसकट फवारू नका, त्यात अळ्यापण मरतात. फारच झालं तर अळ्या नसलेल्या शेंड्यावरच मारा.

विकत घ्यायचंच असेल तर मोठे लेडीबर्ड नकोत, उघड्यावर सोडले की बरेचसे उडून जातात. क्रायसोपाच्या अळ्या बऱ्या, त्यांना पंख नसतात, फक्त एकाच जागी सगळ्या टाकू नका, एकमेकींना खातात. ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या अगदी बारीक गांधीलमाशीचं कार्ड) माव्यासाठी नसतं, ट्रायकोग्रामा पतंगांच्या अंड्यांत अंडी घालतो, माव्याला हात लावत नाही. पिठ्या ढेकूण असेल तर क्रिप्टोलेमस हा वेगळ्या जातीचा लेडीबर्ड लागतो, त्याची अळी स्वतःच पिठ्या ढेकणासारखी पांढरी दिसते, पण आकाराने बरीच मोठी आणि चालायला चपळ असते. कोणत्या किडीला कोण हे जुळलं की काम होतं. 1888 मध्ये ऑस्ट्रेलियातून एक छोटा लेडीबर्ड कॅलिफोर्नियात नेला होता, त्याने तिथल्या संत्र्याच्या बागा बुडवणारी खवले कीड एक-दोन वर्षांत आटोक्यात आणली, कारण तो नेमकी तीच कीड खाणारा होता.

शेजारी एका कुंडीत कोथिंबीर किंवा शेपू लावून फुलावर येऊ द्या, सिरफिड माश्या आणि त्या बारीक गांधीलमाश्या मोठ्या झाल्या की त्यांना मध लागतो.

आज संध्याकाळी तिन्ही कुंड्यांची पानं उलटून बघा आणि काय दिसलं ते इथेच लिहा, ओळखू आलं नाही तर पानाच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो टाका, मी सांगतो.