कोऱ्या धनादेशांवरची सही

सप्रेम नमस्कार.

चोवीस सदनिकांच्या सोसायटीचे तुम्ही सचिव आहात. 11 वर्षे खजिनदार असलेल्या शेजारच्या काकांनी सिंकिंग फंडातली, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीतली, 6 लाखांची मुदत ठेव मोडून पैसे उचलले आणि फाइलमध्ये पावतीची रंगीत झेरॉक्स लावून ठेवली. काकूंच्या डायलिसिसचे कारण सांगून ते आता ‘दिवाळीपर्यंत भरतो, कुठे बोलू नका’ अशी विनवणी करत आहेत. गप्प राहावे का, असे तुम्ही विचारता.

राहू नये. ‘नूतनीकरणासाठी’ म्हणून ठेवीच्या पावतीमागे तुम्ही सही केलीत आणि गणपतीला गावी निघताना लिफ्टवाल्याचे बिल अडू नये म्हणून कोरे धनादेशही सही करून दिलेत, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. (असे सचिव गल्लोगल्ली भेटतात.) आज तुम्ही फसवले गेलेले आहात, दिवाळीपर्यंत मौन पाळलेत, तर सामील ठराल.

प्रथम सोसायटीच्या सर्व खात्यांचे उतारे स्वतः बँकेतून आणा, काकांकडून नव्हे, कारण उघडकीस आलेली उचल बहुधा पहिली नसते. दप्तर ताब्यात घ्या, समितीची सभा लेखी सूचनेने बोलवा, सारे इतिवृत्तात नोंदवा आणि लेखापरीक्षकांना पत्र द्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960च्या कलम 81नुसार लेखापरीक्षणात अपहार आढळल्यास सहकारी संस्थांच्या निबंधकांना कळवून गुन्हा नोंदवणे हे लेखापरीक्षकांचेच कर्तव्य आहे. त्यामुळे ‘पोलीस नकोत’ असे ठरवणे तुमच्या हाती नाही. कलम 83खाली चौकशी आणि कलम 88खाली वसुली होऊ शकते. फौजदारी विश्वासघात, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेतले कलम 406, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 316मध्ये आहे. पैसे परत केल्याने गुन्हा पुसला जात नाही, तरी ते जरूर घ्यावेत. मात्र रोख नव्हे, सोसायटीच्या खात्यात आणि पावती देऊन.

काकूंचे आजारपण खरे असेल. ते सभासदांना सांगितले असते, तर चोवीस घरांनी वर्गणी काढली असती, असे मला वाटते. काकांनी मात्र सभासदांना तशी संधीच दिली नाही. दप्तर हाती आल्यावर आणि सभेची सूचना फलकावर लागण्यापूर्वी तुम्ही एकदा काकांच्या घरी जाऊन, प्रकरण सभेपुढे नेत आहात, हे तोंडाने सांगा. काकू चहा करतील, तो घ्या. मुदत मात्र देऊ नका.