चाच्यांमध्ये छुपा कॅमेरा घेऊन जाऊ का?

प्रश्न: मी फिल्ममेकिंग शिकतेय. सोमालियाच्या समुद्री चाच्यांवर डॉक्युमेंटरी करायचीय. खोटं नाव, खोटं काम सांगून त्यांच्यात शिरायचं आणि बटणातल्या कॅमेऱ्याने शूट करायचं असं डोक्यात आहे. जमेल का?

उत्तर: जमेल की नाही ते नंतर, आधी हे बघा की पकडले गेलात तर मरणार कोण. तिथे तुम्ही एकट्या हलूच शकत नाही, गाडी, बंदूकवाले गार्ड, दुभाषा, टोळीशी ओळख, सगळं लोकल फिक्सर जमवतो आणि तेही स्वतःच्या कुळाच्या भरवशावर, म्हणजे तुम्ही खोटं बोललात तर तिकडे तो खोटा पडतो. कॅमेरा सापडला तर तुम्हाला कदाचित जिवंत ठेवतील कारण खंडणी मिळते, त्याच्यासाठी कोण पैसे मोजणार? फिल्म रिलीज झाल्यावर तुम्ही घरी असाल, तो तिथेच असेल. माझ्यासाठी विषय इथेच संपतो खरं तर.

ओळख न लपवता जाणंही सोपं नाहीये. चाचेगिरीवर लिहायला गेलेला पत्रकार मायकेल स्कॉट मूर, त्याला जानेवारी २०१२ मध्ये सोमालियातल्या गालकायो शहरातून पळवला, तो सुटला ९७७ दिवसांनी.

आणि अजून एक, फिल्मचा बहाणा पोलिसांनी आधीच वापरून झालाय. २००९ मध्ये 'पॉम्पेई' हे बेल्जियन जहाज पळवलं होतं, त्यात 'अफवेने' नावाचा चाच्यांचा म्होरक्या पोलिसांना हवा होता. बेल्जियमच्या पोलिसांनी 'तुमच्या आयुष्यावर फिल्म करतोय, सल्लागार म्हणून या' असं सांगून त्याला बोलावलं आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तो ब्रसेल्सला उतरला तसा विमानतळावरच धरला. २०१६ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तो सापडला ते उत्तमच झालं, पण आता खरा फिल्मवाला गेला तरी हा पोलीस तर नाही ना, हा संशय येणारच.

चाच्यांशीच बोलायचं असेल तर केनिया आणि सेशेल्समध्ये त्यांच्यावर खटले चाललेत, शिक्षाही झाल्यात, तिकडून सुरुवात करा, खरं नाव सांगून रीतसर परवानगी काढा. पण मला विचाराल तर आधी खलाशांकडे जा. 'आइसबर्ग १' या जहाजाचे लोक मार्च २०१० ते डिसेंबर २०१२ चाच्यांच्या ताब्यात होते, येमेन, भारत, घाना, सुदान, पाकिस्तान, फिलिपिन्सची साधी कामकरी माणसं. बंदूकवाल्यांवर फिल्म करायला सगळेच धावतात, यांच्याकडे कॅमेरा घेऊन फार कमी जण गेलेत.