घोरणं, धाप आणि डोक्यातला गोंधळ: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सासरे ६८ वर्षांचे आहेत, सिगरेट सुटली पण सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) मागे लागलाय, दोन पंप चालू आहेत. घोरणं तर शेजारच्या खोलीत ऐकू येतं. वर्षभरापासून खूप विसरतात, औषध घेतलं की नाही तेच आठवत नाही, साधा हिशेब चुकतो, टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागतो. नवरा म्हणतो वय झालं, नणंद म्हणते डिमेन्शिया. रात्री झोप मोडते म्हणून बाबा झोपेची गोळी मागतात, देऊ का? आणि घरी ऑक्सिजन मशीन आणलं तर डोकं पुन्हा नीट चालेल का? – एक सून

उत्तर: आधी गोळीचं सांगते, आपल्या मनाने अजिबात देऊ नका. बऱ्याच झोपेच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, श्वासाची ओढ मंदावते, आणि ज्या माणसाला सीओपीडी आहे, वर असं घोरणं आहे, त्याच्या बाबतीत ही रिस्क कशाला घ्यायची? दारूचंही तेच. आणि त्यांची झोप मोडते ती बहुतेक श्वास अडकतो म्हणूनच, जाग येते म्हणून तर श्वास परत सुरू होतो, ती जागच गोळीने दाबून टाकली तर कसं होईल?

तुमच्या वर्णनावरून स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडकण्याच्या आजाराची, शंका घ्यायलाच हवी. एक करा, ते झोपले की पाच-दहा मिनिटं शेजारी बसून मोबाईलवर व्हिडिओ घ्या. जोरात घोरणं चालू असतं, मध्येच एकदम शांत, छाती-पोट हलतंय पण नाकातोंडातून हवाच नाही, आणि मग फस्सकन मोठा श्वास घेऊन कूस बदलतात, असं दिसलं तर तो व्हिडिओ छातीच्या डॉक्टरांना दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. नाही दिसलं तरी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली श्वासाची तपासणी, टाळू नका. श्वास निदान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात, तासाला असे अडथळे १५च्या वर गेले की मध्यम, ३०च्या वर गेले की तीव्र. म्हणजे तीव्रवाल्याची झोप दर दोन मिनिटांनी मोडते आणि सकाळी त्याला विचारलं तर म्हणतो छान झोप लागली!

सीओपीडी आणि ॲप्निया एकाच माणसाला असले की त्याला ओव्हरलॅप सिंड्रोम म्हणतात, डेव्हिड फ्लेनली या डॉक्टरांनी १९८५मध्ये हे नाव दिलं. नुसत्या ॲप्नियात फुप्फुसं धड असतात, ऑक्सिजन खाली जातो आणि लगेच वर येतो. सीओपीडीवाल्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, मुळातच कड्याच्या टोकाशी उभं असतं, श्वास जरा अडकला की धाडकन खाली, आणि वर यायला वेळ लागतो. त्यात रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात त्या झोपेत, श्वासाचे मदतनीस स्नायू ढिले पडतात, तेव्हा तर सगळ्यात वाईट हाल. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्के, मग रोज रात्री हेच चाललं तर दिवसा त्याने काम कसं करायचं?

पहिला फटका लक्ष, कामाचा वेग आणि आखणी यांना बसतो. औषध घेतलं की नाही हे आठवत नाही कारण घेताना लक्षच नव्हतं, मेंदूत नोंदच झाली नाही. अशा माणसाला थोडी हिंट दिली की पुष्कळदा आठवतं, अल्झायमरमध्ये हिंट देऊनही अनेकदा काही सापडत नाही. अर्थात यावरून घरबसल्या निदान करू नका हं, दोन्ही एकत्रही असू शकतं. पण नणंदबाईंना सांगा, डिमेन्शियाचा शिक्का मारायच्या आधी रात्रीचा श्वास तपासू दे.

ऑक्सिजन मशीन परस्पर आणू नका. आराम करतानाही सॅच्युरेशन सतत ८८ टक्के किंवा खाली असेल तर रोज १५ तास किंवा जास्त ऑक्सिजन दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८०-८१च्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं. थोडंच कमी असलेल्यांना मात्र २०१६च्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. शिवाय ऑक्सिजनने घसा काही उघडत नाही, उलट काही जणांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोकं दुखतं का, उठल्यावर गुंगी असते का ते विचारा, तसं असेल तर एबीजी नावाची रक्ततपासणी लागते आणि काहींना सीपॅपऐवजी (मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन) बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) लागतं. आणि एखाद दिवशी अचानक बरळायला लागले किंवा नेहमीपेक्षा खूप गुंगीत गेले तर उद्याची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

डोकं पुन्हा नीट चालेल का? ॲप्निया निघाला आणि सीपॅप किंवा बायपॅप नियमित वापरलं तर दिवसाची पेंग बहुतेकांची कमी होते, लक्षही सुधारतं. स्मरणशक्तीचं तसं ठाम सांगता येत नाही, सगळ्यांना सारखा फरक पडत नाही. पूर्ववत होईल असं वचन कोणी देत असेल तर जरा जपून.

प्रश्न: वय ४४, सीपॅप लावतो तरी डोकं जड, ऑफिसात लक्ष लागत नाही. मशीन बदलू का?

उत्तर: थांबा, आधी मशीनमधला डेटा काढून घ्या. रात्री किती तास लावलं, मास्कमधून हवा किती गळते, ॲप्निया किती उरलाय, सगळं त्यात असतं. पुष्कळ जण झोपताना लावतात आणि मध्यरात्री झोपेतच काढून टाकतात, पहाटेची रेम झोप मशीनशिवाय जाते, आणि ॲप्निया तर तेव्हाच जास्त. डेटा चांगला असेल तर थायरॉइड, बी१२ आणि मूड, तिन्ही तपासा, डिप्रेशनमध्येही डोकं असंच चालतं. तोवर लांबचं ड्रायव्हिंग दुसऱ्या कोणाकडे द्या.